मुलगी कॉलेजात, बाहेरगावी: घरच्या बातम्या काय, किती आणि कशा कळवाव्यात?

करवीरची_माय
लेक पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. आम्ही कोल्हापुरात. रात्रीचा फोन ठरलेला, पण त्यात "जेवलीस का", "हो", "काय होतं", "नेहमीचंच", "अभ्यास?", "चाललाय" इतकंच होतं आणि फोन संपतो. घरात रोज काही ना काही घडत असतं, ते फोनच्या वेळी आठवत नाही. आठवलं तरी 'यात काय सांगायचं' म्हणून राहून जातं.
माझे प्रश्न तीन. बारीकसारीक बातम्या कळवाव्यात का, की मुलांना त्याचा वैताग येतो? फोन, व्हॉइस नोट की लिहून? आणि आजारपण, पैशाची ओढाताण असलं कितपत सांगावं?
'मुली परक्याचं धन' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. नेमकं काय करता येईल ते सांगा.

निवांत_काका
आमच्याकडे वडिलांचा फोन हा प्रकार "थांब, आईला देतो" या तीन शब्दांत आटोपतो. तुमचं निदान सहा वाक्यांपर्यंत पोचलंय. प्रगती आहे.

दुधी_भोपळा
बारीक बातम्या जरूर कळवा, पण त्या बातम्या असल्या पाहिजेत. "सगळं ठीक, बाबा बरे, आजी बरी" ही हजेरी झाली. "आजीने टीव्हीचा रिमोट पुन्हा उशीच्या अभ्र्यात ठेवला, बाबा तासभर सोफा उलटापालटा करत होते" ही बातमी. एक माणूस, एक वस्तू, काय घडलं, बस. दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नका.
दुसरं म्हणजे बातमीच्या शेवटी प्रश्न जोडू नका. "शेजारच्या काकूंनी नवीन स्कूटर घेतली. तुझा अभ्यास झाला का?" असा मेसेज आला की मुलगी फक्त शेवटचं वाक्य वाचते. तिला कळतं की स्कूटर निमित्त आहे, चौकशी खरी आहे. प्रश्न विचारायचाच तर वेगळ्या मेसेजमध्ये, वेगळ्या वेळी. प्रश्न नसलेल्या मेसेजला उत्तर द्यायची सक्ती राहत नाही, म्हणून तो निवांत वाचला जातो.

रूम_तीनशेचौदा
हॉस्टेलवाल्या पार्टीकडून बोलते. दुधी_भोपळा यांच्या प्रश्नाच्या मुद्द्याला +१००.
आणखी एक. "फोन कर." एवढाच मेसेज कधीही पाठवू नये. लेक्चरमध्ये बसलेल्या मुलीच्या डोक्यात त्या दोन शब्दांवर आख्खं हॉस्पिटल उभं राहतं. "फोन कर, घाई नाही, दिवाळीच्या तारखांबद्दल बोलायचंय" असं लिहायला चार सेकंद जास्त लागतात. पाठोपाठ चार मिस्ड कॉल देणं हाही त्यातलाच प्रकार. एक कॉल, उचलला नाही तर कारणासकट एक मेसेज, मग थांबा.

वऱ्हाडी_ठेचा
फोनच्या वेळी आठवत नाही यावर उपाय सोपा आहे ना ताई. व्हॉट्सॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. नवीन चॅट उघडा, यादीत वरच तुमचं स्वतःचं नाव दिसते. ती चॅट वर पिन करून ठेवा. दिवसभरात काही घडलं की तिथं दोन शब्द टाका: "दूधवाला, नवा पोरगा", "गच्ची गळून राहिली". रात्री फोनच्या आधी ती यादी उघडायची, तीन गोष्टी निवडायच्या, बाकी खोडायच्या.
पण खोडण्याआधी एक पाहा, काल-परवाच्या कोणत्या बातमीचा पुढचा भाग बाकी आहे. "समोरच्यांचा बोका तीन दिवसांपासून गायब आहे" हे सांगून आई विसरते, पोरगी नाही विसरत. बोका सापडला की तेही कळवा. अर्धवट बातमी लई त्रास देते.

कंदील
व्हॉइस नोट की लिहून, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वापर वेगळा आहे.
गंमत, नक्कल, भांडणाचा किस्सा, आजीचा आवाज हे व्हॉइस नोटमध्ये. बोलीतला ठसका लिहिताना निघून जातो. तारीख, वेळ, रक्कम, पत्ता, औषधाचं नाव हे कायम लिहून, कारण व्हॉइस नोटमध्ये ते शोधून सापडत नाही. मुलीला महिन्याने "लग्नाची तारीख कोणती म्हणालीस" म्हणून सगळ्या नोट्स ऐकत बसावं लागतं.
रेकॉर्ड करताना माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. फोन कानाला लावायच्या ऐवजी वीतभर लांब, हनुवटीच्या पातळीवर धरा. पंखा आणि मिक्सर बंद. प्रेशर कुकर चालू असेल तर शिट्टी होईपर्यंत थांबा, नाहीतर नेमकं महत्त्वाचं वाक्य शिट्टीत जातं. एका नोटमध्ये एकच विषय, दीड मिनिटाच्या आत. पाच मिनिटांची नोट मुलं दुप्पट वेगाने ऐकतात, आणि दुप्पट वेगात प्रत्येक आई चिडलेली वाटते.

निवांत_काका
नॉर्मल वेगातसुद्धा.

पेडण्याची_पोर
सणाच्या बातम्यांसाठी फोटो हवाच. आमच्या गोव्यात चवथीला पोरं नाही येऊ शकली तर घरचे गणपतीचा एक फोटो पाठवून मोकळे होतात. गणपतीपेक्षा माटोळीचा (गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट) फोटो जास्त बोलतो. फोटो दिवसा काढायचा, दिव्यांच्या माळा लावायच्या आधी, खाली बसून, म्हणजे माटोळीला बांधलेलं सगळं नीट दिसतं. मग खाली लिहायचं: तोरिंग (पपनस) कोणाच्या कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) आलं, आंबाडे कुठले, सुपारीची शिपटी (घड) कोणी चढून काढली, कांगलां (रानफळं) यंदा मिळाली की नाही. असं नावानिशी लिहिलं तर मुलीला घर दिसतं. नुसत्या 'हॅपी चतुर्थी'त काय कळणार?
फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर मोठा करून पाहिला की सगळं फिसकटतं.

नर्सताई
तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.
आजारपण लपवू नका. मुलीला ते कळतंच, आणि कळतं ते आत्याच्या स्टेटसवरून किंवा फॅमिली ग्रुपवरच्या 'गेट वेल सून'वरून. मग पुढच्या प्रत्येक "सगळं ठीक"वर तिचा विश्वास उरत नाही. सांगण्याचा क्रम मात्र सांभाळा. आधी आत्ताची स्थिती, मग काय झालं ते, मग पुढे काय, आणि शेवटी तिने यायचं की नाही हे स्पष्ट. उदाहरण:
"आजोबा आता जागे आहेत, बोलतायत. सकाळी चक्कर येऊन बसले होते म्हणून दवाखान्यात नेलं. आज रात्र तिथंच ठेवणार, बाबा सोबत आहेत. उद्या अकराला डॉक्टर राउंडला येतील, त्यानंतर मी तुला कळवते. तू यायची गरज नाही."
"घाबरू नकोस हं" ने सुरुवात केली की माणूस आधी घाबरतो. आणि पुढच्या बातमीची वेळ दिली असेल तर ती पाळा. डॉक्टर आलेच नाहीत तर "डॉक्टर अजून आले नाहीत" एवढं तरी कळवा.
आकडे द्या. "शुगर वाढलीय" याला काही अर्थ नाही. उपाशीपोटीची किती, जेवणानंतर दोन तासांची किती, आणि मागच्या वेळची किती होती. एचबीएवनसी केली असेल तर ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, तोही आकडा मागच्यासकट. बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि मग कळवा. जिना चढून आल्या आल्या घेतलेलं रीडिंग पाठवून मुलीची झोप घालवू नका.
मृत्यूची बातमी कधीही मेसेजवर नाही. फोन करा, पहिलं वाक्य "कुठे आहेस, बरोबर कोण आहे?" ती गाडीवर किंवा रस्त्यात असेल तर आधी बाजूला थांबायला सांगा. एकटी असेल तर रूममेट येईपर्यंत लाइनवर राहा. आणि तिला कळेपर्यंत नातेवाइकांना स्टेटस टाकू नका म्हणून स्पष्ट बजावा.

रेक्टरबाई
नर्सताईंना अनुमोदन, पण एका बाबतीत मतभेद. परीक्षेच्या काळात क्रम बदलावा. लेखी पेपर, ओरल, सबमिशन यांच्या तारखा मुलीकडून सत्राच्या सुरुवातीलाच घेऊन फ्रिजवर लावा. जी गोष्ट आठ दिवसांनी कळली तरी काही बिघडत नाही (कुणाचं लग्न मोडलं, भाऊबंदकीत नोटीस आली, भाडेकरूशी वाद), ती पेपर संपल्यावर. जवळच्या माणसाची गंभीर तब्येत मात्र पेपर असला तरी सांगावी, शक्यतो पेपर संपल्यानंतरच्या तासात.
हॉस्टेलच्या ऑफिसात फोन करणार असाल तर आधी मुलीला काय सांगितलंय ते आम्हालाही सांगा. पालक आम्हाला एक सांगतात, मुलीला दुसरं, मग मधल्यामधे आम्ही खोटे पडतो.

रूम_तीनशेचौदा
रेक्टरबाई, पेपरच्या काळात लपवलेलं आवाजावरून कळतंच. आई एरवी तीन वाक्यं बोलते आणि अचानक "बाकी सगळं छान आहे, तू काळजी करू नको" म्हणाली की संपलं. त्यापेक्षा आधीच ठरवून ठेवा: "पेपर चालू असताना किरकोळ कटकटी मी सांगणार नाही, मोठं काही झालं तर नक्की सांगेन." मग शांततेचा अर्थ शांतता असा घेता येतो.

रेक्टरबाई
हे पटलं. आधी ठरवून ठेवणं चांगलं.

सातच्या_आत
पैशाबद्दल कुणीच लिहिलं नाही. "हल्ली फार ओढाताण आहे" असं मोघम सांगितलं की मुलगी मेसचं एक जेवण बंद करते, आणि घरी पत्ता नसतो. आकडा आणि मुदत सांगा: "बाबांचा पगार दोन महिने उशिरा होणार आहे. तुझी फी आणि मेस बाजूला काढलेली आहे. नवा फोन दिवाळीनंतर बघू." काय सुरक्षित आहे आणि काय पुढे ढकललंय, दोन्ही एका दमात.
आणि कागदपत्रांची बातमी ही घरचीच बातमी असते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारचं पोर्टल) भरायचा तर उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून आणायचं काम घरच्यांकडे. तो कधी टाकला, पावतीचा फोटो, मिळाला की पूर्ण पानाचा स्कॅन. मुलीच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असेल तर तिच्या प्रत्येक ओटीपीसाठी वडिलांचा फोन वाजतो. वडिलांनी सिम बदललं, नंबर बंद पडला ही बातमी त्याच दिवशी गेली पाहिजे. शक्यतो सुट्टीत आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
तारखेच्या बातम्यांचं तसंच आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते). घरचं कार्य, पूजा, भावाचा साखरपुडा, जे काही असेल त्याची तारीख पोरीला त्याच्या आधी पाहिजे. "पुढल्या महिन्यात आहे बघ काहीतरी" म्हटलं तर मग तत्काल. तेही प्रवासाच्या आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १०ला आणि बिगर एसीचं ११ला, नेमकं लेक्चरच्या वेळेत. दिवाळीत नागपूर-पुणे गाडीची अवस्था मी सांगायला नको.

टपालहंशील
सगळे मोबाइलवर बोलताय म्हणून टपालखात्याची बाजू मांडतो. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. आंतरदेशीयात वेगळा कागद किंवा फोटो घालायचा नसतो. फोटो पाठवायचा तर पाकीट घ्या, २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये. पाठवल्याचा पुरावा हवा असेल तर स्पीड पोस्ट. जुनं रजिस्टर्ड २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं.
हॉस्टेलचा पत्ता नीट लिहा: मुलीचं पूर्ण नाव, खोली क्रमांक, हॉस्टेलच्या इमारतीचं नाव, मग कॉलेज, रस्ता, सहा आकडी पिनकोड. नुसतं कॉलेजचं नाव टाकलं तर पत्र कॉलेजच्या आवक-जावक टेबलावर पडून राहतं. फोनवरच्या तातडीच्या बातम्या पत्रात लिहू नका, पोचेपर्यंत शिळ्या होतात. पत्रात टिकाऊ मजकूर: अंगणात काय उगवलं, घराला कोणता रंग लावायचं चाललंय, लहान भावाने शाळेत काय दिवे लावले.

दुधी_भोपळा
पत्राचं सोडा, फराळाच्या डब्यात चिठ्ठी घालावी. ती नक्की वाचली जाते. फक्त चिठ्ठी झाकणाला आतून चिकटवू नका, तेलाने वाचता येत नाही. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी पिशवी आणि डबा यांच्या मधे.

पेडण्याची_पोर
फराळ म्हटलं म्हणून विचारते, चिवडा हॉस्टेलला पोचेपर्यंत मऊ का पडतो?

दुधी_भोपळा
कोमट असताना डब्यात भरला म्हणून. वाफ झाकणाला धरते आणि परत पोह्यांत उतरते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, हात घालून तळापर्यंत तपासा. पातळ पोहे आधी उन्हात किंवा मंद आचेवर असे भाजा की चिमटीत चुरा झाला पाहिजे. खोबऱ्याचे काप आणि मिरची नीट तळली गेली नसतील तर त्यांतलाही ओलावा पोह्यांत जातो. पावसाळ्यात मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे, म्हणजे एकच उघडा राहतो.

वऱ्हाडी_ठेचा
आणि चकली आडवी नाही, उभी रचायची. बाजूला कागदाचे बोळे.

धागापाल
फराळासाठी वेगळा धागा आहे. चकलीवाल्यांनी तिकडे स्थलांतर करावे ही विनंती. चिवड्याचा प्रतिसाद उपयोगी आहे म्हणून ठेवतो.

राईनकाठची
मुलगी परदेशात असेल तर वेळेचं गणित पक्कं हवं. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साडेनऊ आणि साडेदहा, पण त्यांचा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यात ठरलेली फोनची वेळ चुकते आणि दोन्हीकडे रुसवे होतात. मुलीच्या शहराचं घड्याळ फोनच्या पहिल्या पानावर लावून ठेवा.
सकाळी सातला देवपूजा झाली की पाठवलेली नोट जर्मनीत पहाटे पोचते. तिने मेसेज म्यूट केले असतील तर ठीक, नसतील तर झोपमोड. म्यूट केले म्हणून आईने वाईट वाटून घेऊ नये. वाचायचे थांबत नाहीत, फक्त वाजायचे थांबतात.

कंदील
एक विसरलेच. गायब होणारे मेसेज सुरू असतील (२४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस) तर आजीच्या आवाजाच्या नोट्सही जातात. दोघींच्या चॅटमध्ये ते बंद आहे ना बघा. आणि टायपिंग जड जात असेल तर जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) मराठी घालून माइक वापरा. नावांचे मात्र हाल होतात. पाठवण्याआधी नावं आणि आकडे वाचून घ्या. चूक राहिलीच तर १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो.

निवांत_काका
करवीरची_माय, पावसाळ्यात तुमच्याकडच्या बातम्या मुलीला टीव्हीवरून आधी कळत असतील. त्याचं काय करता?

नर्सताई
काका, हा प्रश्न चांगला आहे. टीव्हीवर 'कोल्हापूर पाण्याखाली' आणि घरात माणूस भजी तळतोय, असं होतं.

रेक्टरबाई
आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या मुली जुलै-ऑगस्टमध्ये रात्र रात्र फोनला चिकटून असतात. त्यांना चार गोष्टी हव्या असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर (३९ इशारा, ४३ धोका), पाणी चढतंय की उतरतंय, आपल्या गल्लीपासून किती लांब आहे, आणि घरात वीज-पाणी आहे का. पाणी वाढत असताना दिवसातून दोन ठरलेल्या वेळी हे पाठवा. सोबत पुणे-बेंगळुरू महामार्ग चालू की बंद; २०१९ आणि २०२१ ला तो बंद पडला होता आणि मुली अर्ध्या वाटेवर निघालेल्या असू शकतात. बाहेर कुठे हलणार असाल तर कुणाकडे, त्यांचा नंबर. आणि फोनची बॅटरी किती उरलीय तेही, म्हणजे फोन लागला नाही तर कारण माहीत असतं. पुराचे फॉरवर्ड केलेले व्हिडिओ पाठवू नका, अर्धे जुने असतात.

करवीरची_माय
सगळ्यांचे मनापासून आभार. पुराचं लिहून फळीवर चिकटवलंय. स्वतःला मेसेज करायची सोय खरंच माहीत नव्हती.
आजचा मेसेज असा लिहिलाय, पाठवण्याआधी तपासा:
"आज तात्या पेठेतून येताना चुकून दोन किलो वांगी घेऊन आले, भाजीवाल्याने 'शेवटची आहेत' म्हटलं म्हणून. आता आठवडाभर भरीत. आजी म्हणते वांगी नव्हेत, ही शिक्षा आहे. धाकट्याने गणिताच्या वहीवर शाई सांडली आणि मांजराचं नाव घेतलं. आपल्याकडे मांजर नाही. तू तिकडे वेळेवर जेवतेस ना, रात्री जागू नकोस."

रूम_तीनशेचौदा
शेवटचं वाक्य काढा. बाकी पाठवा.

दुधी_भोपळा
हेच. आणि पुढच्या आठवड्यात वांगी संपली का ते कळवायला विसरू नका.

करवीरची_माय
काढलं. पाठवला. तिचं उत्तर आलंय: "कोणती वही? माझी जुनी तर नाही ना???"

निवांत_काका
आता धाकट्याची खैर नाही. त्याचा वेगळा धागा काढा.